हातचा कुठून येतो: फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची शाळा

इल्दिको ही माझ्या नातीची बुडापेस्टमधली वर्गशिक्षिका. नाताळाच्या सुट्टीला जोडून ती भारतात आली. माझ्या मुलीने तिला माझा पत्ता दिला आणि "आई, तिला नागपुरात चार दिवस फिरव" असं कळवलं. मी फिरवायला तयार होते. पण पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, की तिला देवळं-तलाव नकोत, एखादी खेड्यातली शाळा पाहायची आहे, आणि ती सजवून ठेवलेली नको.

यवतमाळच्या अध्यापक विद्यालयात मी सत्तावीस वर्षं शिकवलं. माझे विद्यार्थी जिल्हाभर गुरुजी आहेत. त्यांतल्या राठोड सरांना फोन केला. फुलसावंगीपासून सहा-सात किलोमीटरवर बंजारा समाजाचा तांडा आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत ते एकटे चार वर्ग सांभाळतात. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी त्यांनी दोन दिवसांत काढली. तुम्हालाही जायचं असेल तर आधी परवानगी घ्या. आणि चॉकलेटं नेऊ नका. शाळा काही प्राणिसंग्रहालय नाही.

आदल्या दिवशी यवतमाळला मुक्काम केला. सकाळी स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले. इल्दिकोने तर्री दुसऱ्यांदा मागितली तेव्हा मला तिच्याबद्दल आदर वाटला, तासाभराने काळजीही वाटली, पण तिला काही झालं नाही. साडेसहाची उमरखेडकडे जाणारी एसटी वेळेवर सुटली. महिलांना अर्धं तिकीट असतं. इल्दिकोचं काय करायचं, यावर कंडक्टरने क्षणभर विचार केला.

"बाहेरदेशच्या हाय का ह्या?"

"हो."

"पण बाईच हाय न. मंग अर्धंच."

आर्णीपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे. दोन्ही बाजूंनी शेवटच्या वेचणीचा कापूस आणि वाळत आलेली तूर. खिडकी पुरती बंद होत नव्हती, म्हणून जानेवारीत जाणाऱ्यांनी कानाला बांधायला काहीतरी घ्यावं. महागावला उतरलो, चहा घेतला आणि फुलसावंगीला जाणारा शेअर ऑटो धरला. माणशी तीस रुपये, आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस. मी मागच्याच सीटवर बसणार असं ठाम सांगितलं.

फुलसावंगीला गुलाबभाऊ पवार आपला ऑटो घेऊन थांबले होते. राठोड सरांनीच त्यांना पाठवलं होतं. चाळिशीच्या आतले, इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी केलेला कागद. तांड्याचा रस्ता पहिला अर्धा डांबरी आणि पुढचा अर्धा आठवणीपुरता डांबरी. त्या दुसऱ्या अर्ध्यात गुलाबभाऊंनी मला सगळं सांगून टाकलं.

"माह्ये दोन लेकरं हायेत त्या शाळेत. पायल तिसरीत, आर्यन पहिलीत. हा फॉर्म हाय, कॉन्व्हेंटचा. ह्या आठवड्यात भरला तं पुढच्या साली जागा पक्की."

"मग भरला का नाही?"

"सर म्हणे, थांब. विलायती मॅडम येऊन राह्यल्या, तुह्यी पोरगी त्यायच्यासंगं इंग्लिश बोलते का नाही ते पाय, मंग ठरव. म्हटलं, ठीक हाय जी. बोलली तं राहू देतो. नाही बोलली तं उद्या फॉर्म भरतो."

"दोनच मुलं गेल्याने शाळेला काय फरक पडतो?"

गुलाबभाऊ आरशात पाहून हसले. "मॅडम, कॉन्व्हेंटच्या लेकराईले नेणार कोण? माह्याच ऑटो. तांड्यातले चार घरं मलेच इचारून राह्यले, गुलाब, तुह्ये पोरं जातीन तं आमचेही ने."

शाळेचा पट अठरा. चार घरांची मुलं गेली तर उरतील आठ-नऊ. मग ती तीन किलोमीटरवरच्या शाळेत पाठवायची आणि ही बंद करायची, असा कागद यायला वेळ लागत नाही. रस्त्यात नाला आहे, पावसाळ्यात त्याला पाणी असतं. हे मी इल्दिकोला इंग्रजीत सांगितलं. तिला समजायला वेळ लागला, कारण तिचं इंग्रजी हळू चालतं. शब्द शोधून, पुसून, मग ठेवल्यासारखं.

शाळा म्हणजे दोन खोल्या, निंबाचं झाड, हातपंप आणि स्वच्छ झाडलेलं अंगण. मुलं दोन रांगांत उभी होती. आठ-दहा पालक भिंतीशी बसलेले. गुलाबभाऊ ऑटो लावून दाराशी येऊन उभे राहिले. पायल पुढे आली. दोन वेण्या, पायात मोठ्या मापाच्या चपला. तिने इंग्रजीत स्वागताचं भाषण म्हटलं. एक श्वासही चुकीच्या जागी घेतला नाही. टाळ्या झाल्या. गुलाबभाऊंची मान ताठ झाली.

मग इल्दिको खाली वाकली आणि तिने इंग्रजीत विचारलं, की तुझ्या घरी कोण कोण आहे.

भाषणात हे नव्हतं. पायलने राठोड सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे. इल्दिकोने पुन्हा विचारलं, आणखी हळू. मी सवयीने म्हणाले, "मोठ्याने बोल बाळ, घाबरतेस कशाला?" सत्तावीस वर्षं शिकवूनही मला इतकं कळू नये. पायलच्या ओठांची हालचालच थांबली. भिंतीशी कोणीतरी खाकरलं. गुलाबभाऊंनी खिशातला कागद बाहेरून चाचपला.

मी राठोड सरांना निंबाखाली नेलं.

"किती दिवस पाठ करून घेतलंत हे?"

"तीन दिवस, मॅडम. सकाळ-संध्याकाळ."

"मी तुम्हाला हे शिकवलं होतं?"

"नाही. पण तुम्ही शिकवलं तेव्हा गुलाबभाऊचा ऑटो नव्हता, मॅडम." त्यांनी चष्मा पुसला. "मले दुसरं सुचलंच नाही. आता काय करू?"

"ती शाळा पाहायला आली आहे. तास किती वाजता असतो?"

"अकरा. गणित."

"मग घंटा वाजवा."

घंटा वाजली आणि मुलांचे चेहरे लगेच मोकळे झाले. पुढे जे पाहिलं त्यासाठी मी दिवसभराचे धक्के पुन्हा खायला तयार आहे.

राठोड सरांच्या शाळेत एक पद्धत आहे, तिला सगळे 'जोडी' म्हणतात. तांड्यातली मुलं पहिलीत येतात तेव्हा त्यांना घरची गोरबोलीच येते, मराठी येत नाही. एकट्या शिक्षकाला चार वर्ग. म्हणून प्रत्येक लहान मुलाला एक मोठं मूल बांधून दिलेलं असतं. मोठ्याने गोरबोलीत समजवायचं, लहान्याने शेवटी सरांना मराठीत सांगायचं. लहान्याला आलं नाही तर त्याला कोणी बोलत नाही. मोठ्याला विचारतात, "तू कसं सांगितलं? दुसऱ्या तऱ्हेनं सांगून पाय." आणि दोघं परत बसतात. आर्यन चौथीतल्या एका दांडग्या मुलाच्या हाताखाली होता आणि दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले.

राठोड सरांनी हजेरी घेतली आणि ते गंभीरपणे म्हणाले, "आज आपल्याकडे एक नवीन नाव आहे. इल्दिको मॅडम. त्यांना मराठी येत नाही, गोरबोली येत नाही. यांना कोण घेते?"

अठरा हात वर जायला हवे होते. एकही गेला नाही. मघाचं सगळ्यांनी पाहिलं होतं. मग पायल उठली, एक सतरंजी ओढली आणि इल्दिकोला बोटाने जागा दाखवली. इल्दिको मुकाट्याने मांडी घालून बसली. तिची मांडी नीट होत नव्हती. पायलने तिचा गुडघा दाबून खाली केला.

पाटीवर बत्तीस वजा पंधरा. हातचा घेण्याची वजाबाकी. इल्दिकोने लिहिलं, तेवीस. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून दोन काढले. सगळ्या जगातली मुलं ही चूक अशीच करतात. पायलने पाटीकडे पाहिलं, रागावली नाही, पुसलंही नाही. तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, तोडून केलेल्या जुड्या तिने समोर ठेवल्या. दहा-दहाच्या तीन जुड्या, दोन सुट्या काड्या. मग तळहात पुढे केला आणि पाच बोटं दाखवली.

इल्दिकोने दोन काड्या दिल्या.

पायलचा हात तसाच पुढे.

इल्दिकोने रिकामे हात दाखवले. पायलने एक जुडी तिच्याकडे सरकवली आणि गोरबोलीत म्हणाली, "छोड." सोड. इल्दिकोने जुडी उचलून सबंधच तिच्या हातावर ठेवली. पायलने ती परत केली. हात पुन्हा पुढे. मी असते तर एव्हाना जुडी सोडून दाखवली असती. पायल थांबून राहिली. शेजारच्या जोड्यांचं काम संपत आलं, ती थांबलेलीच. शेवटी इल्दिकोने सुतळीची गाठ सोडली. दहा काड्या सतरंजीवर पसरल्या. तिने त्या मोजल्या, त्यांतल्या तीन पायलच्या हातावर ठेवल्या, मग एक सबंध जुडी. खाली राहिली एक जुडी आणि सात काड्या. पायलने पाटी तिच्याकडे ढकलली. इल्दिकोने तेवीस स्वतःच पुसलं आणि सतरा लिहिलं.

"आता सरला सांगा," पायल म्हणाली. मराठीत, आणि मोठ्याने.

दारातून आवाज आला. "थांब जरा. ते जुडी पुन्हा बांध."

गुलाबभाऊ चपला काढून आत आले आणि उकिडवे बसले. पायलने त्यांना पुन्हा सगळं करून दाखवलं. त्यांनी स्वतः गाठ सोडली.

"मी सातवी शिकलो, मॅडम," ते मला म्हणाले. "हातचा घ्या, हातचा घ्या, म्हणे गुरुजी. घेतला. कुठून येते ते आज समजलं."

राठोड सरांनी पुढच्या जोडीची पाटी तपासायला घेतली. हे त्यांनी फार बरं केलं.

जेवायला शाळेचीच खिचडी होती, आणि पायलच्या आईने घरून ज्वारीची बाटी, म्हणजे आपली भाकर, आणि मिरचीचा ठेचा आणला होता. निंबाखाली बसलो. गुलाबभाऊंनी माझ्यामार्फत इल्दिकोला विचारलं, की त्यांच्या देशात पोरं इंग्लिशमध्ये शिकतात का. तिने सांगितलं, नाही, हंगेरियनमध्ये. इंग्रजी हा एक विषय. ती स्वतः नीट इंग्रजी पस्तिशीनंतर शिकली आणि अजून तिला फोनवर बोलायची भीती वाटते.

"म्हंजे ह्या इंग्लिश नाहीच?" गुलाबभाऊंनी भाकर हातात तशीच धरली. "घ्या. बाहेरदेशचे सारे इंग्लिशच राह्यते असं वाटे मले. सर, तुम्हाले मालूम होतं?"

"मालूम होतं," राठोड सर म्हणाले. "पण इंग्लिश येते न त्यायले."

"तुमच्यापेक्षा थोडंच जास्त येते."

सगळे हसले. इल्दिकोला मी भाषांतर करून सांगितलं तर तीही हसली. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात गुलाबभाऊ माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमची पोरगी कोणत्या शाळेत शिकली?"

राठोड सर पाणी पीत होते, ते थांबले. मी सत्य सांगितलं. इंग्रजी माध्यमात. पहिलीपासून.

"मंग आम्हाले कायले सांगता?"

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी त्यांना म्हटलं, "मी काही सांगितलेलं नाही. फॉर्म तुमचा आहे, मुलं तुमची आहेत." हे उत्तर खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. गुलाबभाऊंनी मान हलवली आणि आम्हाला चारच्या आत फुलसावंगीला सोडलं. पैसे घेतले नाहीत. फॉर्म खिशातच होता.

परतीच्या एसटीत इल्दिकोने कानाला रुमाल बांधला. मग म्हणाली, की तेवीस लिहिण्याची पहिली चूक तिने मुद्दाम केली, पण ती मुलगी जितकी थांबली तितकी ती स्वतः वर्गात कधी थांबली नसती. मी म्हटलं, मीही नाही.

नागपूरला पोचल्यावर मुलीला फोन केला. इल्दिकोची खुशाली, तर्री, रस्ता आणि शेवटी गुलाबभाऊंचा प्रश्न. ती म्हणाली, "मग तू अर्धंच उत्तर दिलंस, आई. शाळेत मला काही कळायचं नाही. संध्याकाळी तू स्वयंपाकघरात समोर बसवून शिकवायचीस. हातचासुद्धा. मराठीतच की."

मी हे विसरले होते असं म्हणणार नाही. मोजलं नव्हतं, इतकंच. इंग्रजी माध्यमाच्या यशात मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राठोड सरांना फोन करून सांगितलं, की हे उरलेलं अर्धं उत्तर गुलाबभाऊंना जसंच्या तसं सांगा. मग ते काय ठरवतील ते ठरवोत.

आठवडा उलटला, फॉर्मची तारीख गेली, आणि राठोड सरांचा फोन आला. फॉर्म भरला नव्हता. चार घरांनीही विचारणं बंद केलं होतं. गुलाबभाऊंनी माझ्यासाठी निरोप दिला होता, तो सरांनी त्यांच्याच शब्दांत सांगितला:

"मॅडमले म्हणा, तुमच्या पोरीले घरी समजावून सांगाले तुम्ही होत्या. माह्या घरी कोण हाय? मी तं परवा शिकलो. माह्या पोराईले शाळेतच समजलं पाह्यजे न. राहू द्या तिथंच."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.  माझा फोन सहसा इतक्या थोडक्यात आटपत नाही.