मेहुण्याचा प्रबंध

काळजी करण्याचं काम माझ्या मेहुण्याइतकं मन लावून करणारा माणूस शहाडपासून बदलापूरपर्यंत दुसरा झाला नसेल. बायकोचा हा धाकटा भाऊ एम.ए.साठी आमच्या अंबरनाथच्या घरी राहायला आला आणि आमची झोप उडाली. कुलूप लावून खाली उतरला की ते ओढून बघायला पुन्हा वर यायचा. लोकांच्या लग्नात जेवायला जायचा आणि आधी आचाऱ्याकडे जाऊन गॅसची नळी बघून यायचा. आज तो नेता आहे आणि हजारो लोकांसमोर बोलतो, हे मला अजून पटत नाही, कारण तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याला रिक्षात बसवायलासुद्धा आम्ही दोघं लागलो होतो.

त्याचा प्रबंध बारवी धरणात घरं बुडालेल्या लोकांच्या, धरणाजवळच्याच एका पाड्यावर होता. धरण उशाला आणि पाणी टँकरचं, असा तो विषय. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "याचं पुस्तक व्हायला हवं." दुसऱ्या कोणी पेढे आणले असते. हा घरी येऊन बहिणीला विचारतो, "ताई, ते टोमणा मारत असतील का गं?"

शेवटी बायकोनेच तो प्रबंध उचलला आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, आमच्या लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्या सिंधी शेठकडे नेऊन दिला. शेठचं मराठी पत्रिकांपुरतं, तरी त्यांनी तो चिकाटीने वाचला. आम्ही गेलो तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "साई, घर सोडून आलेल्या लोकांचं आहे हे. माझा बाप पण फाळणीत तसाच आला होता या कॅम्पात. छापू या."

छपाई सुरू झाली आणि मेहुण्याचं जेवण सुटलं. पाड्यावरच्या एका म्हातारीचं बोलणं प्रबंधात तिच्या नावानिशी दिलेलं होतं की टँकरवाला ठेकेदार आपल्या माणसांची पिंपं आधी भरतो. तिचा नातू त्याच ठेकेदाराच्या टँकरवर कामाला होता. "प्रबंध कपाटात पडून राहतो, भाऊजी," मेहुणा म्हणाला, "पुस्तक लोक वाचतात. त्या पोराची नोकरी जाईल." त्याने छपाई थांबवायला लावली. शेठ चिडले, पण थांबले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्कूटरवर घालून पाड्यावर नेलं. म्हातारी अंगणात तांदूळ पाखडत होती. त्याने तिला ते पान वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, नाव काढू का?"

तिने सूप खाली ठेवलं. "मी एकटीच बोलते का? सगल्याच बायका बोलतात. मग माजंच नाव कशाला? सगल्यांची टाक."

मग शेजारणी जमल्या. एकीचं नाव राहिलं म्हणून ती रुसली, दुसरीने माहेरचंही नाव लिहायला लावलं. परत येताना मेहुणा मागे बसून पुटपुटत होता, "आता एवढ्या सगळ्यांची काळजी कोण करणार?"

पुस्तक निघालं आणि त्याला वाटत होतं तेच झालं. नातवाचं काम गेलं, पाड्यावरचा टँकर बंद झाला. मेहुणा दोन घास खाऊन उठला, पाड्यावर गेला आणि बायकांना घेऊन अंबरनाथच्या तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसला. सारखा घाम पुसत होता, साहेब आले की अडखळत होता, पण टँकर पुन्हा सुरू होईपर्यंत उठला नाही. नातवाला शेठनी छापखान्यात लावून घेतलं. पुढे लोकांनीच मेहुण्याला निवडणुकीला उभं केलं.

आता तो क्वचित येतो. खाली गाडी आणि माणसं थांबलेली असतात. परवा जेवताना मी सहज विचारलं, "पाड्यावर नळ आला का रे?"

"होऊन जाईल, भाऊजी," तो म्हणाला. आवाज असा भारदस्त की ऐकणाऱ्याची खात्रीच पटावी.

बायको वाढता वाढता थांबली. "पूर्वी तू असं बोलायचा नाहीस," एवढंच म्हणाली.

त्याने ताट संपवलं. हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा खालच्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाला, "उद्या मोकळे आहात का? पाड्यावर जाऊन येऊ. मला एकट्याला जायची भीती वाटते."