दाराची खोली

माझी मावशी शर्टांना काजं करते. कारखान्यात तिच्या यंत्राशेजारी खिडकी आहे आणि काम करता करता ती त्या खिडकीतून कुठेतरी जाऊन येते. कुठे, ते फक्त मलाच ठाऊक होतं. ती एका खोलीत जायची. त्या खोलीला दार होतं.

तुम्ही हसाल. पण मावशीचा सगळा संसार एकाच खोलीत झाला. आधी पडद्यापलीकडे सासूबाई, आता त्याच पडद्यापलीकडे मुलगा, सून आणि नातू. ती तरुण असताना कारखान्याने तिला कापड कापणाऱ्या विभागाची मुख्य करायचं ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, नको. काका, म्हणजे तिचे यजमान, ताटातलं अन्न चिवडत गप्प बसले. मावशी अजून काजंच करते. "तेव्हा गप्प का बसलात?" एवढं एकच तिला त्यांना विचारायचं होतं, तेही चांगलं कडाकडा भांडून.

"मग बागेत नेऊन भांड की," मी म्हणाले.

"बागेत लोक बघतात. आणि दार लावल्याशिवाय खरं भांडण होत नाही, बाई."

म्हणून टाइमशेअर. तळ्याकाठी मोठं हॉटेल, एकदा पैसे भरले की दर वर्षी एक आठवडा हक्काचा. काकांना वाटलं, बायकोला तळं बघायचंय. टायवाल्या विक्रेत्याने सरबत पाजलं आणि नमुन्याची खोली दाखवली. बाहेर बैठक, आत निजायची खोली, मध्ये दार. मावशीने ते दार लावून पाहिलं, उघडलं, परत लावलं.

"ही जरा महाग पडते," विक्रेता म्हणाला. "स्टुडिओ घ्या. एकाच खोलीत पलंग, सोफा, ओटा, सगळं. कधीही मिळतो."

"अहो, तिथे तर मी राहतेच!" मावशी म्हणाली.

काकांनी अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे सुरू केलं. मी विचारलं, दाराच्या खोल्या किती आणि त्यांचे वाटेकरी किती? विक्रेत्याने आणखी सरबत मागवलं. तेव्हाच माझं डोकं फिरलं. खोली किती सुंदर हे काय बघायचं, ती मिळणार कधी ते बघा! पण तोवर मावशीची सही करून झाली होती.

पुढे तेच झालं. दिवस मागितले की उत्तर यायचं, दाराच्या खोल्या भरल्या, स्टुडिओ आहे. स्टुडिओ नको म्हटलं की वर्ष वाया. मी फोनवर हॉटेलवाल्यांचा उद्धार करायचे, मावशी मात्र शांत. ती तिथे कधीच राहायला गेली होती म्हणा ना. इकडे काजामागून काज पडायचं आणि तिकडे पडदा हलायचा, उन्हाची तिरीप फरशीवरून भिंतीवर चढायची, तळ्याचं पाणी छतावर डोलायचं. आज पलंग खिडकीकडे सरकवला, ती मला सांगायची. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण ऐकता ऐकता मलाही तिथे डुलकी लागायची. भांडण काही सुरू व्हायचं नाही. "आधी जरा बसू दे गं," म्हणायची.

शेवटी खोली मिळाली ती धुक्याच्या दिवसांत, जेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. मी गाडीने सोडायला गेले. तळं होतं म्हणतात. आम्हाला तर हॉटेलसुद्धा दारात पोचल्यावर दिसलं. सगळं पांढरं, मऊ, झाडं अर्धीच. मावशी झोपेत चालल्यासारखी जिना चढली. आतल्या खोलीत गेली, काकांना हाक मारली आणि दार लावून घेतलं.

मी बैठकीत बॅगा घेऊन उभी. निघायला हवं होतं. निघाले नाही, उलट दाराला कान लावला. का नाही लावणार, इतकी वर्षं मीपण वाट पाहिली होती! काहीच ऐकू येईना. मग कळलं, ती कुजबुजत होती. अख्ख्या मजल्यावर चिटपाखरू नाही, आणि मावशी सासूबाई जाग्या असल्यासारखी बोलत होती. मला भडभडून आलं.

काका मात्र मोठ्याने बोलले. त्यांचे कान हल्ली मंद झालेत.

"काय म्हणालीस, ऐकू नाही आलं मला. पण त्या दिवशी आईसमोर मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

मग मावशी रडली. भोकाड पसरून, लहान मुलासारखी. तिचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला फार बरं वाटलं. बॅगा दाराशी ठेवल्या आणि मी धुक्यात गाडी शोधायला निघाले.