फलाटकाकांचे तीन स्वर

बसस्थानकावर बत्तीस वर्षे सूचना देणाऱ्या गृहस्थांना सारे गाव फलाटकाका म्हणे आणि घरी पत्नी 'अहो' म्हणे. दोन्ही हाकांना ते सारख्याच गांभीर्याने ओ देत. त्यांची वाणी म्हणजे धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेले वस्त्र. 'फलाट क्रमांक सात' हे तीन शब्द ते असे उच्चारीत की सातव्या फलाटाला आपल्या जन्माचे सार्थक वाटावे. प्रवासी मात्र सूचना संपताच खिडकीशी येऊन विचारीत, "काका, गाडी कुठे लागते हो?"

सूचनेआधी तीन मंजुळ स्वर वाजविणारी एक पेटी त्यांच्या खोलीत होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिने मौनव्रत धारण केले. काकांनी नव्या पेटीसाठी अर्ज केला आणि ती येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून माइकशी तोंड नेऊन ते स्वर स्वतःच काढू लागले: "टिंग-टाँग-टिंग!" अर्जाला दर वर्षी 'विचाराधीन' एवढेच उत्तर येई. तात्पुरत्या गोष्टींना आयुष्य फार. हळूहळू ते स्वर काकांबरोबर घरीही आले. "टिंग-टाँग-टिंग. चहा झाला का?" "टिंग-टाँग-टिंग. माझा चष्मा कुठे आहे?" पहिले वर्षभर पत्नीला हसू येई, पुढे भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे तिला ते ऐकूच येईनासे झाले. खुद्द काकांना तर ते कधीच ऐकू आले नव्हते.

अशा घरी त्यांची मुलगी अकरा महिन्यांच्या लेकीला घेऊन महिनाभर माहेरी आली. लेकीचे कागदोपत्री नाव भारदस्त होते, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. महिन्याचे आठ दिवस उरले असता व्याह्यांचा फोन आला. हे व्याही निवृत्त व्यायामशिक्षक; त्यांचे बोलणे फोन कानापासून हातभर दूर धरूनच ऐकावे लागे.

"व्याहीबुवा, ठमी मला आबा म्हणते हो! तुम्हाला काय म्हणते?"

"अजून विचाराधीन आहे," काका क्षीण स्वरात म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा घास गोड लागेना. ठमीने निघण्यापूर्वी आपल्याला एकदा तरी हाक मारावी, एवढीच त्या वृद्ध जिवाची आकांक्षा होती. त्यांनी तिला सतरंजीवर बसविले, स्वतः समोर ताठ बसले आणि नियमाप्रमाणे तीनदा सूचना दिली.

"टिंग-टाँग-टिंग. कृपया लक्ष द्यावे. आजोबा. आजोबा. आजोबा."

ठमीने प्रसन्न मुद्रेने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तिंताँती."

"बडबडते नुसती," काका खिन्न होऊन म्हणाले.

"अहो, ती काय चुकलेली प्रवासी आहे?" पत्नी म्हणाली. "आवाज चढवा, शब्द ताणा. आऽऽजोऽऽबाऽऽ! असं लाडात बोलावं लागतं."

"भाषेची अशी विटंबना माझ्याकडून होणार नाही."

वस्तुतः त्यात विटंबना काही नव्हती. आया स्वर उंचावतात, अक्षरे लांबवितात, ते तान्ह्या कानांना ध्वनींच्या गर्दीतून वाट काढून देण्यासाठीच. त्या कानांचा महिमा अगाध आहे. परक्या भाषांतले, आपल्याला कधीच न उमगणारे किती तरी सूक्ष्म ध्वनिभेद बालकास प्रथम सहज कळतात. वर्ष भरत आले की घरात जे उपयोगी तेवढे ते जपू लागते आणि उरलेल्याकडे पाठ फिरविते. आपण मोठी माणसे म्हणजे पाठ फिरवून कधीच स्थिरावलेले कान.

तिसऱ्या दिवशी काकांचा निग्रह ढळला. दार लावून घेऊन त्यांनी आवाज चढविला. बत्तीस वर्षे एकाच पट्टीत राहिलेला तो कंठ मध्येच असा फाटला की शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, "काकू, मिक्सर बिघडला का?" ठमी खदखदून हसली. "तिंताँती!"

हा शब्द आता घरभर फिरू लागला होता. काकांची चप्पल दिसली की तिंताँती. छत्री, तिंताँती. रिकामी आरामखुर्ची, तिंताँती.

"तिंताँती म्हणजे चप्पल असेल," मुलगी म्हणाली.

"मग छत्रीला का म्हणते?"

"आई, तिच्याकडे शब्दच एक आहे. काटकसरीने वापरते."

पत्नीने आपली चप्पल पुढे केली. ठमीने ती चाखून पाहिली, पण बोलली नाही. काकांची चप्पल येताच तिने टाळ्या पिटल्या. दोघी मायलेकी बुचकळ्यात पडल्या. काका तर उदासपणे सूचनापत्रक वाचीत होते. उलगडा हाताशी होता, पण तो ऐकण्याजोगा कान त्या घरात एकाही मोठ्या माणसाला उरला नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन खणाणला. काकांनी तो उचलला. "टिंग-टाँग-टिंग. नमस्कार, व्याहीबुवा."

"नमस्कार. अहो, कधीचं विचारीन म्हणतो, तुमच्या फोनवर आधी ती घंटा का वाजते?"

"कसली घंटा?"

"टिंग-टाँग-टिंग अशी. दर वेळी वाजते."

काकांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. पत्नीच्या हातातली पळी हातातच राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठमी रांगत, घसरत, धडकत आली आणि काकांच्या धोतराला धरून उभी राहत गर्जली, "तिंताँती!"

"अगं बाई!" मुलगी ओरडली. "बाबा, तुम्ही! तिंताँती म्हणजे तुम्ही!"

"पण मी तसं कुठे काही म्हणतो? टिंग-टाँग-टिंग, मला कळत नाही..." आणि जन्मात प्रथमच काकांनी स्वतःला ऐकले.

फोनमधून व्यायामशिक्षक प्रथमच हळू आवाजात म्हणाले, "तशी ती पंख्यालाही आबाच म्हणते, व्याहीबुवा. तुमचं मात्र पक्कं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी काका स्थानकावर पोहोचले, तो टेबलावर पुठ्ठ्याचा खोका. एकोणीस वर्षांचा विचार पूर्ण होऊन नवी पेटी आली होती. त्यांनी बटण दाबले. निर्दोष, मधुर तीन स्वर साऱ्या स्थानकावर पसरले. खिडकीतून सातवा फलाट दिसत होता. तिथे सासरच्या गाडीसाठी थांबलेल्या आईच्या कडेवरची ठमी शांतपणे बिस्किट चघळत राहिली.

काकांनी पेटीचा प्लग काढला, घसा खाकरला आणि माइकशी तोंड नेले.

"टिंग-टाँग-टिंग."

बिस्किट खाली पडले. ठमी कडेवर उसळ्या मारू लागली, दोन्ही हात भोंग्याकडे करून ओरडू लागली. आणि ही पोर एवढी कशाला नाचते म्हणून अख्ख्या फलाटाने माना वर केल्या. त्या दिवशी गाडी कुठे लागते हे विचारायला खिडकीशी कोणीही आले नाही.

गाडी सुटल्यावर काकांनी पेटी पुन्हा खोक्यात घातली आणि सोबतच्या कागदावर, अभिप्रायाच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहिले: 'उपकरण तपासले. स्वर अचूक आहेत. परंतु प्रवासी ओळखत नाहीत. सबब परत.'