पापडांची राखण

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत उन्हाळ्यात अंगणभर पापड वाळत घातले की शेजारच्या वहिनी लांब काठी घेऊन व्हरांड्यातून राखण करत. सावली सोडायच्या नाहीत. गाल लाल दिसले की आम्हा बायकांना वाटायचं, लाली लावून नखरे करतात. मग मुंबईच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं ल्यूपस असं नाव सांगितलं.

“म्हणजे काय हो?” मी वहिनींना विचारलं.

“रोगाशी लढायला अंगात जो राखणदार असतो ना, त्याचं डोकं फिरलंय. चोर सोडून मालकालाच झोडतो. कधी महिनाभर गप्प बसतो, पण नोकरी सोडून जायचा नाही.”

“तुमच्यासारखाच की!”

कारण कावळे खुशाल चोच मारून जात, आणि मी माझाच ओला पापड उचलला की हातावर काठी बसे.

एकदा जवळून पाहिलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून त्यांनी काठी मनगटाला चिंधीनं बांधली होती. तेव्हापासून मी रोज मुद्दाम पापड उचलू लागले. फटका सणसणीत बसला की समजायचं, आज वहिनींना बरं आहे.

यंदाही त्या रोज व्हरांड्यात बसल्या, काठी मांडीवर ठेवून. मी भरपूर पापड चोरले. एकही फटका बसला नाही.