न बोलणारा गडी

हर्सूलला माझी स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री चाळिशीचा आहे. पण त्याच्या लाडक्या मारधाडीच्या गेमचा नवा अवतार येणार म्हटल्यापासून त्याच्या हातात पाना असतो आणि नजर मोबाइलवर. ट्रेलर लावायचा, मधेच थांबवायचा आणि ग्रीसच्या काळ्या बोटानं नव्या हीरोला दटावायचं.

"सर, हा लई बोलतो. आमचा जुना गडी तोंडातून एक शब्द काढत नव्हता. गुमान यायचा, हाणायचा, निघून जायचा."

यावरून गिऱ्हाइकांत दोन तट पडलेत. नव्याची बाजू घेणाऱ्याची गाडी हमखास मागं राहते.

परवा मी सहज विचारलं, "जुना गेम कुठं खेळायचात?"

"पिशोरला, सायबर कॅफेत. शेजारी शिकवणी चालायची, म्हणून मालकानं स्पीकरच काढून ठेवले होते."

सांगताना मिस्त्रीला काहीच खटकलं नव्हतं. इतक्या वर्षांची निष्ठा. सांगायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला फोन आला, म्हणून मिस्त्रीनं ट्रेलरचा आवाज बंद केला. चित्र चालूच होतं. तो एकदम वाकून बघायला लागला.

"व्हय! बघा सर, आता कसा वळणावर आला."