साडूंचा डोंगर

साधुसंत सोडले तर न दिसणारी गोष्ट सर्वांत जास्त माणसांना दाखवण्याचा मान माझ्या साडूंकडे जातो. संतांनी निदान ती गोष्ट आधी स्वतः पाहिलेली असते. साडूंनी तीही अट घालून घेतली नव्हती. हॅमिल्टनला दूध-भुकटीच्या कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर आहेत, पण ती झाली केवळ उपजीविका. त्यांचं जीवनकार्य म्हणजे भारतातून आलेल्या समस्त आईवडिलांना टोंगारिरो नॅशनल पार्क दाखवणं. आमच्याकडे उन्हाळा नोव्हेंबरात लागतो आणि उन्हाळ्याबरोबर आईवडील येतात. आठवडाभर ते खिडकीत बसून एकही माणूस चालत नसलेला रस्ता बघतात, शनिवार-रविवारी मुलगा त्यांना कुठेतरी नेतो, आणि दोन-तीन रविवारांत त्याची ठिकाणं संपतात. मग तो साडूंना फोन करतो. त्यांच्या व्हॅनमध्ये मंडळी मावली नाहीत, तर दुसरी गाडी म्हणून मला टौरंगाहून बोलावणं यायचं. हिची सख्खी मोठी बहीण त्या घरात असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

पार्कला कोणत्या दिवशी जायचं, याचं साडूंचं एक शास्त्र होतं. हवामानाचा अंदाज ते बारकाईनं ऐकत आणि ज्या दिवशी ऊन सांगितलं असेल तो दिवस कटाक्षानं टाळत. "ऊन म्हटलं की हे गोरे सगळे बाहेर पडतात. पार्किंग मिळत नाही," हे कारण. त्यामुळे पार्किंग नेहमी मिळे. सहाला निघायचं ठरे, पण थालीपिठं होऊन डबे भरेपर्यंत नऊ वाजत आणि आम्ही दुपारच्या जेवणाच्या वेळेला तिथे पोहोचत असू. दोन्ही बाजूंना तांबूस गवताच्या झुबक्यांचं माळरान, वाऱ्यानं झोपलेली झुडपं, आणि त्यावर कमरेइतक्या उंचीवर येऊन टेकलेले ढग. रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवण्यासाठी थोडी मोकळी जागा होती. तिथे साडू सगळ्यांना उतरवत, अंगावरचं लाल जाकीट गळ्यापर्यंत बंद करत आणि ढगांना उद्देशून खणखणीत आवाजात "किया ओरा!" असा इथला नमस्कार ठोकत. पाहुणे बिचकून आजूबाजूला बघत.

नकाशा साडूंना वर्ज्य होता. "दिशा कळायला कागद कशाला लागतो? सूर्य काय झोपा काढतोय?" असं म्हणून ते ढगात जरा उजळ दिसणारा ठिपका शोधून काढत, त्याच्याकडे तोंड करून उभे राहत आणि जाहीर करत, "दुपारचा सूर्य म्हणजे दक्षिण. रुआपेहू डोंगर दक्षिणेला. म्हणजे हा इथे." मग बोट. बोटानंतर दोन्ही हात. हवेत आधी माथा, मग उतरता खांदा, मग बर्फाची जीभ, मग वाफा निघतात ते तळं. "दिसतंय? इथून असं खाली येतं." पाहुणे सुसंस्कृत घरांतले असत. ते "हो हो" म्हणत. सातारच्या एका आजींना तर इतकं स्पष्ट दिसलं, की वर देऊळ आहे का, असं त्यांनी विचारलं. फक्त ठाण्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर एकदा म्हणाले, "अहो, ढग आमच्या माळशेज घाटातही असतात." साडू किंचितही न डगमगता म्हणाले, "ते नुसते ढग. या ढगांच्या मागे डोंगर आहे." मॅनेजरही मग फोटोसाठी उभे राहिले. असे फोटो आज महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आहेत. कानटोपी घातलेलं एक जोडपं, मागे पांढरा शुभ्र शून्याकार, आणि कोणी विचारलं की अभिमानानं उत्तर, "मागे ज्वालामुखी आहे." मीही त्या बोटाच्या दिशेनं दोन-चारदा नमस्कार केलेला आहे.

डोंगर बघून झाला की पाहुण्यांना माहिती केंद्रात नेलं जाई. तिथला प्रत्येक फलक साडू आधी मोठ्यानं इंग्रजीत वाचत आणि मग त्याचं मराठी करत. मराठी नेहमी इंग्रजीच्या तिप्पट लांब असे, कारण त्यात ज्वालामुखीखेरीज साडूंचं स्वतःचं पर्मनंट रेसिडन्सही येई. त्यानंतर टॉयलेट. "सगळ्यांनी जाऊन या. लागली नसली तरी जा. बघण्यासारखं आहे," असा आग्रह होई आणि पुण्याची मंडळी खरोखरच बाहेर येऊन एकमेकांना नावाजून सांगत. चालायचं मात्र नाही. त्या पार्कमध्ये जगभरातून लोक चालायला येतात, पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसदिवस चालतात. साडू त्यांच्याकडे दयेनं बघत आणि डबे उघडत.

उन्हाळा संपता संपता त्या माळावर जांभळ्या फुलांचा गालिचा पडतो. ते हेदर. एकदा डोंबिवलीच्या एका काकूंनी पूजेला म्हणून त्यातली ओंजळभर फुलं तोडली आणि साडू किंचाळले, "काकू! नॅशनल पार्क आहे हे! पानाला हात लावला तरी फाइन!" काकू रडकुंडीला आल्या. नेमक्या तेवढ्यात पार्कच्या रेंजर बाई तिथून चालल्या होत्या. साडूंनी पुढे होऊन सगळ्या मराठी समाजाच्या वतीनं माफी मागितली. बाई खो खो हसल्या. म्हणाल्या, "टेक हीप्स! ढीगभर न्या, मुळासकट न्या." फार वर्षांपूर्वी कुणा हौशी साहेबानं शिकारीचे पक्षी पोसायला हे झुडूप परदेशातून आणून लावलं, ते इतकं माजलं की इथलं मूळचं गवत त्याच्याखाली गुदमरायला लागलं, असं त्यांनी समजावलं. "बाहेरून आलेलं, सगळीकडे पसरलेलं. म्हणजे आपल्यासारखंच की," मी म्हणालो. साडू गंभीरपणे म्हणाले, "आपण टॅक्स भरतो." पण त्या दिवसापासून त्यांच्या कार्यक्रमात एका कलमाची भर पडली. गुडघेदुखीच्या सत्तरीतल्या माणसांना ते माळावर सोडत आणि काठावरून ओरडत, "उपटा, काका, उपटा! स्वीट ॲज! झकास! देशसेवा आहे!"

एवढं सगळं करणाऱ्या या माणसाच्या मनात एकच पाहुणा होता आणि तो काही केल्या येत नव्हता. तो म्हणजे आमचे दोघांचे सासरे.

सासरे नाशिकचे, मुळातच मोजकं बोलणारे. लग्नानंतर "दोन वर्षांत परत येतो" असं सांगून साडू ताईंना, म्हणजे हिच्या त्या मोठ्या बहिणीला, इकडे घेऊन आले, आणि दोन वर्षांनी खरोखरच परत गेले, पण आम्हाला न्यायला. मी आलो तो माझ्या हौसेनं, पण सासऱ्यांच्या लेखी मी फूस लावून नेलेला गरीब जावई होतो आणि मीही तो समज कधी मोडला नाही. पुढे सासूबाई अचानक गेल्या. दोघी बहिणी पोहोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. सासरे कुणाला काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून फोन साडूंनी उचलला की पलीकडून एवढंच येई, "हं. बरं. तिला द्या." वर्षानुवर्षं एवढंच. माझ्याशी मात्र ते नाशिकच्या पावसापासून स्वतःच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलत. साडू हे हसण्यावारी नेत. "सासरे आहेत हो, राष्ट्रपती नाहीत," म्हणत. पण ताईंच्या हातात फोन दिल्यावर तिथून हलत नसत. त्या बोलत असेपर्यंत शेजारी उभे राहून फ्रिजवरची मॅग्नेट सरळ करत राहत. "एकदा येऊ देत इकडे. डोंगर दाखवतो. तो डोंगर बघितल्यावर माणूस बोलल्याशिवाय राहत नाही," असं ते मला कितीदा तरी म्हणाले आहेत. हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे.

शेवटी एका नोव्हेंबरात सासरे आले. मुलींशी बोलले, नातीशी बोलले, माझ्याशी तर भरभरून बोलले. साडूंशी नाही. जेवताना मिठाची बाटली साडूंच्या कोपराशी असली तरी ते टेबलापलीकडच्या ताईंना सांगत, "यांना म्हणावं, मीठ सरकवा." साडू सांगायच्या आत सरकवत आणि सासरे ताईंना "थँक यू" म्हणत. पहिल्या रविवारी अंदाज उन्हाचा होता, म्हणून सवयीप्रमाणे शनिवार ठरला. साडूंच्या मुलीनं यायला साफ नकार दिला. "डॅड, आय हॅव सीन हीप्स ऑफ क्लाउड," ती म्हणाली. त्या सकाळी मात्र साडू सहाला तयार होते. डबे व्हायचे थांबले नाहीत, त्यामुळे पोहोचलो दुपारीच.

ढग होतेच. साडूंनी उजळ ठिपका शोधला, तोंड वळवलं, बोट उचललं. एरवी त्यांचा आवाज माळभर घुमायचा, तो त्या दिवशी बारीक झाला होता. "बाबा, ही दक्षिण. हा इथे माथा." मी, ही आणि ताई, आम्ही आज्ञाधारकपणे बोटाकडे बघत होतो. सासरे बघत नव्हते. जावई उत्तरेला तोंड करून बोलत असला तर आपण दक्षिणेला करायचं, हा त्यांचा नेम त्यांनी इथेही पाळला होता आणि ते आम्हा सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. त्यामुळे ते एकट्यांनाच दिसलं. आमच्या पाठीमागे ढगाचा पडदा खालून उचलला गेला, काळा खडक उघडा पडला, त्याच्यावर बर्फ, आणि बर्फावर ऊन. साडू इकडे हवेत बर्फाची जीभ काढत होते. सासरे बराच वेळ बघत राहिले. मग चालत आले, साडूंचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना गर्रकन उलटं फिरवलं.

"अहो," सासरे म्हणाले, "तुमचा डोंगर इकडे आहे."

मी हसलो तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. घोटाळा साधा होता. आपल्याकडे दुपारचा सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेला कललेला असतो, दक्षिण गोलार्धातल्या या देशात तो उत्तरेला असतो, आणि नाशिक-पुण्याचा सूर्य बरोबर घेऊन आलेल्या साडूंनी इतकी वर्षं सगळ्या आईवडिलांना नेमकं उलट्या बाजूला नमस्कार करायला लावलं होतं. फोटोंत ती मंडळी कॅमेऱ्याकडे बघत असल्यामुळे तेवढ्यापुरती डोंगराकडे तोंड करून हसली होती, हाच काय तो दिलासा. मी हे सगळं मोठमोठ्यानं सांगत होतो. खरा डोंगर समोर उभा होता आणि साडूंकडे दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचे हात अजून अर्धवट वर होते. ते त्यांनी खाली घेतले.

"माझं चुकलं, बाबा," ते म्हणाले.

माझं हसू तिथे थांबलं. दिशा चुकली म्हणून कुणी इतक्या पडलेल्या आवाजात माफी मागत नाही. ताईंनी तोंड फिरवलं. सासऱ्यांनी साडूंकडे पाहिलं, मग गवतातून आत जाणाऱ्या एका पायवाटेकडे पाहिलं.

"ही वाट कुठे जाते?"

"माहीत नाही. कधी गेलो नाही."

"चला," सासरे म्हणाले आणि निघाले.

ताई मागून जायला निघाल्या, तर हिनं त्यांचा हात धरून ठेवला. आम्ही थालीपिठं खाल्ली. फ्लास्कमधला चहा संपवला. लांबवर साडूंचं लाल जाकीट आणि सासऱ्यांची कानटोपी गवतातून पुढे सरकताना दिसत होती. एका जागी दोघं थांबले. सासरे दगडावर बसले, साडू उभेच राहिले. बऱ्याच वेळानं तेही बसले. त्या दोघांत कोण बोलत होतं आणि कोण ऐकत होतं, ते एवढ्या अंतरावरून कळायला मार्ग नव्हता. परत आले तेव्हा दोघांचेही बूट चिखलानं भरले होते. सासरे आपणहून व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, साडूंच्या शेजारी बसले आणि वळणं संपायच्या आत झोपी गेले.

पुढच्या पावसाळ्यात सासरे गेले. यावेळी मुली वेळेवर पोहोचल्या आणि साडूही बरोबर होते. साडू अजूनही लोकांच्या आईवडिलांना पार्क दाखवतात. आता दिशा बरोबर असते, कधीकधी चक्क उन्हाच्या दिवशीही नेतात, आणि खरं सांगायचं तर पूर्वीची मजा राहिलेली नाही. डोंगर दिसतो, पाहुणे "वा" म्हणतात आणि गाडीत जाऊन बसतात.

त्या पायवाटेवर काय बोलणं झालं, ते ताईंनी विचारून पाहिलं, हिनं विचारून पाहिलं. सकाळी पोट साफ झालं की नाही हेसुद्धा जगाला सांगणारा हा माणूस, पण या बाबतीत अवाक्षर नाही. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सरळ विचारलं. साडूंनी गॅसवर आधण ठेवलं आणि साखर किती, एवढंच विचारलं.

मला त्या वेळी त्यांचा फार हेवा वाटला. माझ्याशी सासरे शेवटपर्यंत गोड बोलले. पावसाबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, आणि मला कधी "चला" म्हणाले नाहीत.