रस्त्यावरचा जिना

आमच्या कॉम्प्लेक्सच्या बिल्डरने मला फसवले. गाळा ठरला तेवढाच दिला, ठरला तिथेच दिला. जिना मात्र नेला.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या मेन रोडला हातगाडीवर लहान मुलांचे कपडे विकत असे. ओझर, सातपूरच्या कारखान्यांत पगार झाले की घरेच्या घरे खरेदीला उतरायची. बाई फ्रॉक उलटसुलट करून निम्म्याने मागायची. मी घडी घालायला घ्यायचो. ती दोन पावले जाऊन परत यायची. दोघांनाही यात गोडी होती. असे करत करत मी गाळ्यापुरते साठवले.

बिल्डरने टेबलावर नकाशा पसरला. तळमजला परवडणारा नव्हता. वरचे गाळे स्वस्त होते, कारण वर चढतो कोण? मी आधी जिना शोधला. थेट रस्त्यावरून वर जाणारा रुंद जिना, आणि तो संपतो तिथलाच पहिला गाळा. भाव पाडायला उठलो, दारापर्यंत गेलो, परत बसलो. शेवटी तो म्हणाला, "काका, हात टेकले तुमच्यापुढे. घ्या जिन्याच्या तोंडाशी."

घरी बायकोला सांगितले, वरच्या भावात खालचे दुकान आणले.

जिना बांधून झाला तेव्हा पहिल्या पायरीवर मी नारळ फोडला. तो नारळ बिल्डरनेच हातात दिला होता.

पुढे त्याच्या मेव्हण्याने अख्खा तळमजला घेतला आणि डिपार्टमेंटल स्टोअर काढायचे ठरवले. साबण, साड्या, खेळणी, भांडी एका छताखाली, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, आणि दारात पाटी, 'एकच भाव'. नाशिकला त्याचे मोठे अप्रूप होते. त्याला रस्त्याच्या अंगाला सलग काच हवी होती आणि मध्ये माझा जिना येत होता. मी माल भरायला उल्हासनगरला गेलो. आठवड्याने परतलो तर जिना फोडून टाकलेला. नवा जिना मागच्या बोळात, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला निघाला. माझा पहिला गाळा शेवटचा झाला. बाकीच्यांना तो जिना जवळच पडला, त्यामुळे भांडायला मी एकटाच उरलो.

"मी गाळा विकला, काका. जिना कुठे विकला होता?" बिल्डर चहा ढवळत म्हणाला.

"मग गिऱ्हाईक काय शिडी लावून येणार?"

"मागून येईल की."

मी त्याचा पेपरवेट भिंतीवर फेकला. त्याने चहा संपवला.

रविवारी लोक नटूनथटून स्टोअर बघायला यायचे. पंख्याखाली हिंडायचे, पोरांना खेळणी दाखवायचे, बाहेर पडायचे. वर कोणी फिरकत नसे. एके दिवशी सिन्नरची एक म्हातारी, माझ्या गाडीचे जुने गिऱ्हाईक, रस्त्यात उभी राहून ओरडली, "लय वर जाऊन बसलास रं. यायचं कुठून?"

"मागनं या, आजी."

"गुडघं नाय राहिलं. खाली सोड काय दावायचं ते."

मी दोरीला पिशवी बांधून फ्रॉक खाली सोडले. तिने निम्म्याने मागितले. मी पिशवी हातभर वर ओढली. रस्त्यावरचे हसले, दोघे जण थांबले, त्यांनीही माल मागवला. मेव्हणा बाहेर येऊन म्हणाला, "काचेपुढे लंगोटं लोंबकळतायत, बरं दिसतं का?" मी म्हटले, "जिना आणून दे, दोरी गुंडाळतो." त्या दोरीवर मी मुलांची शिक्षणे केली. पण पायरीने जे आले असते ते दोरीने येत नाही.

ऐंशीचे दशक सरता सरता स्टोअर मंदावले. त्याच्यासारखी आणखी निघाली होती. मेव्हण्याने काच काढली, तळमजल्याचे लहान लहान गाळे पाडून भाड्याने दिले. आता तिथे घासाघीस करूनच विक्री होते. जिन्याच्या जागी रसवंती आहे. भिंतीवर पायऱ्यांची तिरपी खूण रंगाखालूनही दिसते. मी बिल्डरकडे जाऊन म्हटले, काच गेली, आता तरी जिना घाल. तो म्हणाला, रसवंतीवाला भाडे देतो.

काचेसाठी माझा जिना गेला आणि ती काचही टिकली नाही. बिल्डर अजून धडधाकट आहे, रोज त्याच रस्त्याने जातो. त्याने एकदा त्या तिरप्या खुणेखाली उभे राहावे आणि वरच्या सगळ्या गाळेवाल्यांदेखत सांगावे, मला नारळ कशावर फोडायला लावला होता.